पोरीला दवाखान्यात न्यावं की नको?



मागच्या पौर्णिमेला विचुंब्यात वंदना झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे बायांचे बीपी तपासायला बसलो होतो. गर्दी सरली तरी एक बाई मागे रेंगाळली. पायात चप्पल सरकवत, आमच्याकडे न बघता तिने विचारले, ‘‘सिस्टर, पोरीला अठरा पुरी नसली आणि दिवस गेलेले असले, तर दवाखान्यात नेल्यावर पोलीस येतात म्हणे. मग न्यावं की नको?’’

पोरगी कोणाची, ते तिने सांगितले नाही. आम्ही म्हणालो, ‘‘आधी न्या. आम्ही सोबत येतो.’’ ती ‘बघते’ म्हणाली आणि गेली. त्यानंतरच्या दोन्ही रविवारी ती आली नाही. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान तिच्या प्रश्नावर. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. विचुंबे, देवद, सुकापूर, नवीन पनवेलच्या कडेच्या सगळ्या वस्त्यांत तो कुजबुजत विचारला जातो.

उत्तर एका शब्दाचे आहे : न्या. पण नुसते ‘न्या’ म्हणून भागत नाही, कारण भीती खोटी नाही. पोलीस खरेच येतात. ते का येतात, आल्यावर काय होते, काय होऊ शकत नाही आणि मुलीच्या हातात काय राहते, ते नीट समजून घेऊ.

वय चोरले की काय होते

आधी आमची चूक सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी, नोकरीत असताना, एक आई सातव्या महिन्यातल्या मुलीला घेऊन आली. मुलगी सोळाची. आई हात जोडून म्हणाली, ‘‘एकोणीस लिहा सिस्टर, नाहीतर जावई आत जाईल.’’ आम्हाला दया आली. केसपेपरवर आम्ही १९ लिहिले.

सोळाची गरोदर मुलगी आली की कार्डावर लाल खूण होते. ती अतिजोखमीची माता ठरते. तिला लवकर लवकर बोलावतात, दर वेळी बीपी आणि लघवी तपासतात, बाळंतपण मोठ्या रुग्णालयात करायचे हे आधीच ठरवतात. एकोणीसच्या मुलीची तशी खूण झाली नाही. पुढची तारीख महिन्याने दिली गेली. त्या महिन्यात तिच्या चेहऱ्यावर सूज आली, डोके ठणकू लागले. घरच्यांना वाटले, ऊन लागले असेल. रात्री झटके आल्यावर रिक्षात घालून आणली. मुलगी वाचली. बाळ १४०० ग्रॅमचे होते. ते दोन दिवस जगले.

आम्ही लिहिलेल्या त्या दोन आकड्यांनी जावई वाचला असेल कदाचित. पण मुलीची खूण पुसली गेली. ते आजही आमच्या मनातून जात नाही.

सोळा-सतराची मुलगी स्वतःच वाढत असते. कमरेच्या हाडांचा पिंजरा पुरता भरलेला नसतो, त्यामुळे बाळ अडण्याची भीती असते. खाल्लेल्या घासात तिची वाढ आणि पोटातले बाळ असे दोन वाटेकरी होतात. आपल्या वस्तीत मुलींच्या अंगात आधीच रक्त कमी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्त कमी समजतात आणि ७ च्या खाली गेले की जिवाला धोका. या वयात बीपी वाढून झटके येण्याचा धोका जास्त असतो. बाळही दिवस भरण्याआधी येते किंवा अडीच किलोच्या आत भरते.

हे सगळे वेळेत कळले तर बहुतेक वेळा सांभाळता येते. त्यासाठी फार महागडे यंत्र लागत नाही. बीपीचा पट्टा, रक्ताचा थेंब, लघवीची तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि खरे वय एवढ्यावर बरेच काही होते.

डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, बेंबीच्या वर दुखणे, रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यातले एकही दिसले तर विचार करत बसू नका. १०८ ला फोन करा. ती गाडी फुकट येते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण यांचेही पैसे लागत नाहीत.

पोलीस का येतात

२०१२ साली लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा आला. त्यालाच आपण पोक्सो म्हणतो. या कायद्यात १८ वर्षांखालचे प्रत्येक जण बालक आहे. बालकाची ‘संमती’ कायदा मानत नाही. मुलगी म्हणाली, ‘माझ्या मर्जीने झाले’, तरी गुन्हा गुन्हाच राहतो.

‘पण लग्न झालंय ना!’ असे बाया म्हणतात. पूर्वी कायद्यात नवऱ्याला १५ वर्षांवरच्या बायकोबाबत सूट होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात ते वय १८ केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही १८ च लिहिले आहे. मंगळसूत्र घातले म्हणून सतराची मुलगी अठराची होत नाही.

अशी गोष्ट ज्याला कळली त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, असे पोक्सोचे कलम १९ सांगते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. डॉक्टर आपल्यावर डूख धरून पोलिसांना बोलावत नाहीत. त्यांना ते करावेच लागते. शिक्षक, अंगणवाडी ताई, आशा ताई यांनाही करावे लागते. आम्हालाही. हे तुमच्यापासून लपवून ‘चला, सोबत येतो’ म्हणणे ही फसवणूक होईल, म्हणून आधीच सांगतो.

पण क्रम लक्षात ठेवा. उपचार आधी, पोलीस नंतर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे अशा मुलीवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने लगेच आणि फुकट उपचार करायचे असतात. ‘आधी पोलिसांचा कागद आणा, मग बघू’ असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणाले तर तो त्यांचा गुन्हा आहे. आधार कार्ड घरी राहिले म्हणूनही तिला परत पाठवता येत नाही.

पोलीस आल्यावर मुलीचे हक्क

पहिली गोष्ट : या प्रकरणात मुलगी आरोपी नसते. तिला कोणी ‘पकडायला’ येत नाही.

तिचा जबाब घरी किंवा तिला बरे वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने. अधिकारी वर्दीत नसावा. तिच्या विश्वासाचे माणूस जवळ बसू शकते. रात्री तिला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. अंगाची तपासणी बाई डॉक्टरांनीच करायची. त्या तपासणीला ती नाही म्हणाली तरी उपचार थांबवता येत नाहीत. तिचे नाव, फोटो, पत्ता बाहेर जाता कामा नये. हे आपल्या वस्तीलाही लागू आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर तिचे नाव टाकणारा गुन्हा करतो.

पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. ‘समिती पोरीला उचलून आश्रमात टाकते’ अशी दुसरी भीती असते. समिती आधी बघते की ज्या घरात मुलगी राहते ते घर तिच्यासाठी सुरक्षित आहे का. आरोपी त्याच घरात राहत असेल तर तिला तिथे ठेवायचे की नाही, हे तीन दिवसांत ठरवायचे असते. त्या वेळी मुलीचे म्हणणे ऐकणे समितीवर बंधनकारक आहे. तिला आईकडे राहायचे असेल तर तिने तसे स्पष्ट सांगावे आणि आईने समितीपुढे हजर राहावे. आई घाबरून लपली, तर समितीला मुलीसाठी दुसरी जागा शोधावी लागते.

वकिलाचे पैसे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बाई, बालक आणि अनुसूचित जातीचे माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. रायगड जिल्ह्याचे प्राधिकरण अलिबागला आहे, तालुका समिती पनवेलच्या न्यायालयात. फोन १५१००.

गर्भपाताचा प्रश्न

काही घरे दवाखान्याऐवजी मेडिकलवाल्याकडे जातात. गोळ्या आणतात आणि मोरीत मुलीला रक्तबंबाळ होताना बघत बसतात. हे करू नका. दिवस किती गेलेत हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. अर्धवट गर्भपात झाला, किंवा गर्भ नळीत असला, तर जीव जातो.

कायदा इथे मुलीच्या बाजूने आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात होऊ शकतो. मुलगी अज्ञान असल्याने पालकाची लेखी संमती लागते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना खबर देताना मुलीचे नाव-पत्ता उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. डॉक्टरांना ती आठवण करून द्या. २४ आठवडे उलटले की बहुतेक वेळा उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून पाळी चुकल्यावर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

बाळाचा कागद

लपवालपवीची झळ पुढच्या पिढीला बसते. रुग्णालयात बाळ जन्मले की जन्माची नोंद रुग्णालय करते. घरी लपवून बाळंतपण केले तर २१ दिवसांत नोंद करायची जबाबदारी घरच्यांवर येते. आणि जे घर पोलिसांना भिते, ते नोंद करायला जात नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच वयाचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा धरला जातो. शाळेपासून मतदार यादीपर्यंत तोच लागतो. ज्या समाजाने कागद नसल्याने पिढ्यानपिढ्या मार खाल्ला, त्याने आपल्या नातवंडाला बिनकागदाचे ठेवू नये.

आणखी एक. आईचे लग्न बालविवाह होते म्हणून बाळ बेकायदा ठरत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने त्याला औरस मानले आहे. मुलीला ते लग्न नको असेल तर वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत ती न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेऊ शकते. रद्द झाले तरी दुसरे लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय मागू शकते.

कायदा कडक आहे, हे खरे

इथे गोड बोलून उपयोग नाही. मुलीला दिवस गेले असतील तर पोक्सोत गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची कमीत कमी शिक्षा २० वर्षे आहे. बालविवाह कायद्यात लग्न लावणाऱ्याला, लावून देणाऱ्या आईबापाला आणि अठरावरच्या नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बाईला या कायद्यात कैद नाही, दंड मात्र आहे. पोक्सोत बाईला तशी सवलत नाही.

सोळा-सतराची मुलगी आणि वीसचा मुलगा पळून गेले, तरी हाच कायदा लागतो. आपल्या तरण्या मुलांना हे बसवून सांगा. मुलगी दुसऱ्या जातीची असली की तिच्या घरचे आधी पोलीस ठाणे गाठतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. प्रेम गुन्हा नाही. पण अठराच्या आतले शरीरसंबंध कायद्याच्या नजरेत गुन्हाच आहेत, आणि तुरुंगात जातो तो मुलगा.

कायद्याचा हा भार मुलीवरही पडतो, हे न्यायालयानेही पाहिले आहे. पश्चिम बंगालमधली एक मुलगी चौदाव्या वर्षी एका तरुणाबरोबर गेली, पुढे त्यांचा संसार झाला, मूल झाले. त्याला दोषी धरल्यावर सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून तिचे म्हणणे ऐकून घेतले. घडलेल्या गुन्ह्यापेक्षा त्यानंतरच्या पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांनी आणि समाजाने तिला जास्त पोळले, असे दिसून आले. २३ मे २०२५ ला न्यायालयाने त्या माणसाची शिक्षा त्याला भोगायला लावली नाही. पण हा अपवाद आहे, नियम नाही, हेही न्यायालयाने बजावले. त्या भरवशावर कोणी राहू नये.

मग कायदा नसता तर बरे झाले असते का? याच मुंबईत अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईने नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. १८८७ साली उच्च न्यायालयाने तिला ‘नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असे फर्मावले. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. तडजोडीने सुटल्यावर ती विलायतेला गेली आणि डॉक्टर होऊन परतली. तेव्हा कायदा नवऱ्याच्या बाजूने उभा होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ केले, ते १९७८ मध्ये १८ झाले. हे वय सहज मिळालेले नाही. ते बुडवून आपले भले होणार नाही.

लग्न लागण्याआधी

बाळंतपणाच्या खोलीत कायदा पोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. पोलिसांना टाळायचे असेल तर दवाखाना टाळू नका, लहान वयातले लग्न टाळा.

आईबाप दुष्ट असतात म्हणून लग्न लावतात असे नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले कुटुंब. बाप बिल्डिंगच्या कामावर, आई नवीन पनवेलला धुण्याभांड्याला. दिवसभर खोलीवर वयात आलेली मुलगी एकटी. ‘काही वाईट-वंगाळ होण्यापेक्षा हात पिवळे केलेले बरे’, असे वाटते आणि मुलीला गावाकडे नेऊन लग्न उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त.

मुलीची काळजी असेल तर लग्नाखेरीज वाटा आहेत. मागासवर्गीय मुलींसाठी समाजकल्याणची शासकीय वसतिगृहे आहेत. दहावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. आणि आपली विहारे आहेत. दुपारी कुलूप लावून ठेवण्याऐवजी तिथे मुलींना अभ्यासाला बसू द्या. महिला मंडळाच्या दोघींनी आळीपाळीने थांबावे. याला कोणाची परवानगी लागत नाही.

आता बौद्धाचार्यांना हात जोडून विनंती. मंगल परिणय लावण्याआधी दोघांच्या वयाचा पुरावा बघा. नुसते आधार कार्ड पुरत नाही. त्यावरची तारीख वयाचा पक्का पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला मागा. मुलगी १८, मुलगा २१. एक दिवस कमी असला तरी विधीला उभे राहू नका. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर कोवळ्या मुलीचे लग्न लावणारा कायद्याने गुन्हेगार आहे, आणि धम्माचाही अपराधी आहे.

लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. न्यायालय असे लग्न आधीच थांबवण्याचा हुकूम देऊ शकते. लग्न थांबले तर कोणाला वीस वर्षांची शिक्षा होत नाही.

२० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायांसमोर मुलींच्या लग्नाची घाई करू नका असे सांगितले. लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ऐपत आल्याशिवाय मुलांवर लादू नका, असे त्यांचे म्हणणे होते. आपण दर जयंतीला त्यांची मिरवणूक काढतो. हे एवढे ऐकायला काय हरकत आहे?

शेवटी त्या बाईसाठी.

बाई, तू हे वाचत असशील, किंवा कोणी तुला वाचून दाखवत असेल, तर घाबरू नकोस. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, पण त्या तारखेची वाट बघू नकोस. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय रोज उघडे असते. खरे वय सांग. पोलीस आले तर आम्ही मुलीच्या शेजारी बसू, वकील मागू, समितीपुढे तुझ्यासोबत येऊ. पुढे काय होईल याची खात्री आम्ही देऊ शकत नाही. पण पोरगी आणि तिचे बाळ जिवंत असले तरच त्या पुढच्या गोष्टी आहेत.

रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात असतो. बीपीचे यंत्र सोबत असते. पोरीला घेऊन ये.

नमो बुद्धाय. जयभीम.